गोबरगॅस भरतो पण पेटत नाही: माझा अनुभव

यावलकडचा केळीचा पट्टा. टाकीत गॅस भरायचा, पण ज्योत धरत नव्हती. स्लरीला, म्हणजे टाकीतल्या शेणकाल्याला, आंबूस वास. नळी धुतली, शेगडी बदलली, शेण वाढवलं. महिना वाया गेला, जीव मेटाकुटीला आला.

दोष मी टाकलेल्या सडक्या केळीचा. तिचं आम्ल झटपट होतं; हवेविना जगणारे, मिथेन म्हणजे जळणारा वायू करणारे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात नि आम्लात दबतात.

आधी भरणी बंद केली. साठलेला गॅस विस्तवापासून दूर, मोकळ्यावर सोडला. मग चुन्याची निवळी, रोज थोडीच, आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर ७ येईपर्यंत. एकदम ओतू नका. नंतर शेजारच्या चालू टाकीतली चार बादल्या स्लरी. हेच खरं विरजण. शेवटी ताजं शेण नि पाणी समसमान, सुरुवातीला निम्मीच भरणी. बाराव्या दिवशी निळी ज्योत धरली.