न्यायाधीशांच्या निवडणुकीत मतदान : स्वतःची तयारी कशी करावी आणि शेजाऱ्यांना कसे प्रवृत्त करावे

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा गाजावाजा वर्षभर चालतो. मात्र घटस्फोटानंतर मुलांचा ताबा कोणाकडे राहावा, भाडेकरूला घर रिकामे करावे लागेल काय, वडिलांचे मृत्युपत्र ग्राह्य धरावे की नाही, अटक झालेल्या तरुणाला कोणत्या अटींवर जामीन द्यावा, हे ठरवणाऱ्या व्यक्तीची निवड मतपत्रिकेच्या अगदी तळाशी होते. पुष्कळ मतदार तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. वरची ठळक पदे भरून झाली की अनोळखी नावांची रांग सुरू होते आणि हात थांबतो. त्यामुळे न्यायाधीशांच्या बाबतीत शेजाऱ्याला केवळ मतदानाला जाण्याचा आग्रह करून भागत नाही, त्याला मतपत्रिकेच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाता येईल एवढी माहितीही पुरवावी लागते.

भारतात वाढून अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकाला न्यायाधीशाने मते मागावीत ही कल्पनाच विचित्र वाटते, आणि मला त्यात तथ्यही दिसते, कारण ज्या वकिलांनी प्रचाराला देणगी दिली तेच उद्या त्या न्यायाधीशापुढे उभे राहू शकतात. परंतु मिसिसिपीने १८३२ मध्ये आपले सर्व न्यायाधीश निवडणुकीने नेमण्याची तरतूद केली तेव्हापासून ही प्रथा पसरत गेली आणि आज बहुसंख्य राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ती रुजली आहे. प्रथा असेपर्यंत ती जाणत्या मतदारांनी चालवावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आपल्या राज्यात नेमके काय चालते ते आधी पाहावे

संघीय न्यायाधीशांची निवडणूक कुठेही होत नाही. त्यांना अध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देते. प्रश्न राज्याच्या आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, न्यायालयांचा असतो, आणि तिथे प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी आहे. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स येथे न्यायाधीश नेमले जातात, म्हणून तेथील रहिवाशांच्या मतपत्रिकेवर ही नावे येतच नाहीत. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिना येथे निवड होते, पण ती विधिमंडळ करते. टेक्सासमध्ये न्यायाधीश उघडपणे पक्षाच्या नावावर उभे राहतात, तर विस्कॉन्सिन, जॉर्जिया, वॉशिंग्टन येथे मतपत्रिकेवर पक्षाचा उल्लेख नसतो. मिशिगनमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतात आणि तरीही मतपत्रिकेवर ते अपक्षांच्या विभागात दिसतात. तेथे एका खुणेने संपूर्ण पक्षाला मत देणाऱ्यालाही हा विभाग वेगळा भरावा लागतो, हे कित्येकांच्या ध्यानात येत नाही. टेक्सासने तर एका खुणेने सर्व पक्षाला मत देण्याची सोयच २०२० पासून बंद केली. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे तेथे एकाच मतपत्रिकेवर न्यायाधीशांच्या कित्येक डझन जागा असू शकतात आणि त्या आता एकेक करून भराव्या लागतात.

याहून वेगळी पद्धत म्हणजे रिटेन्शन, अर्थात पदावर असलेल्या न्यायाधीशाला कायम ठेवावे काय, एवढाच होय-नाही प्रश्न. मिसूरीने १९४० मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. समोर प्रतिस्पर्धी नसल्यामुळे ही निव्वळ औपचारिकता वाटते, आणि बहुतेक न्यायाधीश सहज टिकतातही. तथापि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना घरी पाठवले आणि आयोवात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश, समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या निकालानंतरच्या रोषामुळे, पद गमावून बसले. इलिनॉयमध्ये टिकण्यासाठी साधे बहुमत पुरत नाही, ६० टक्के ‘होय’ मते लागतात. २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचे थॉमस किलब्राइड यांना निम्म्याहून अधिक मतदारांनी पाठिंबा देऊनही जावे लागले.

तारखांची गफलत तर फारच होते. विस्कॉन्सिनमध्ये सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक एप्रिलमध्ये होते, जॉर्जियात न्यायाधीशांचा मुख्य फैसला मे महिन्याच्या प्रायमरीबरोबरच, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीबरोबरच लागतो, आणि पेनसिल्व्हेनियात न्यायाधीश विषम वर्षांत, म्हणजे अध्यक्षपदाची किंवा काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) निवडणूक नसताना निवडले जातात. कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्टाच्या, म्हणजे काउंटीत खटले चालवणाऱ्या न्यायालयाच्या, जागेसाठी प्रायमरीतच कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली तर नोव्हेंबरपर्यंत काही शिल्लक उरत नाही. जॉर्जियात कोणत्याही पक्षाची मतपत्रिका नको असेल तर केवळ अपक्ष विभागाची मतपत्रिका मागता येते. आपण कोणत्याच पक्षाचे नसल्यामुळे प्रायमरीला जाण्यात अर्थ नाही, असे मानणाऱ्या शेजाऱ्याला ही गोष्ट आवर्जून सांगावी.

उमेदवारांचा अभ्यास

काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपला पत्ता घातला की बहुतेक ठिकाणी नमुना मतपत्रिका मिळते. ती छापून घ्यावी आणि न्यायाधीशांच्या जागांभोवती पेन्सिलीने चौकट आखावी. त्यानंतर प्रत्येक जागेपुढे ते न्यायालय काय काम करते हे दोन शब्दांत लिहावे, कारण नावांवरून काही उमगत नाही. न्यूयॉर्कचे ‘सुप्रीम कोर्ट’ हे राज्याचे सर्वोच्च न्यायालय नसून खटले चालवणारे न्यायालय आहे. टेक्सासमधील ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे पद ऐकायला किरकोळ वाटते, पण घर रिकामे करवण्याचे दावे आणि २०,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे तिथेच चालतात, आणि त्या पदासाठी वकील असण्याचीही अट नाही. सामान्य माणसाचा न्यायालयाशी संबंध आलाच तर तो अशाच ठिकाणी येतो, म्हणून वेळ थोडा असेल तर अभ्यासाची सुरुवात मी तळाच्या न्यायालयापासून करण्यास सांगेन.

माहितीचे मार्ग मोजके आहेत. कोलोरॅडो, ॲरिझोना, युटा अशा काही राज्यांत न्यायाधीशांच्या कामाचे अधिकृत मूल्यमापन करणारे आयोग आहेत आणि त्यांचे अहवाल मतदारांसाठी प्रसिद्ध होतात. अन्यत्र स्थानिक बार असोसिएशनचे, म्हणजे वकिलांच्या संघटनेचे, मूल्यांकन उपयोगी पडते. मात्र ते कसे केले हे पाहावे : समितीने मुलाखत घेऊन, सहकारी वकिलांशी बोलून दिलेला शेरा आणि सदस्य वकिलांनी नुसते मत नोंदवून केलेली क्रमवारी यांत बराच फरक आहे, कारण दुसऱ्या प्रकारात लोकप्रियता आणि ओळखीपाळखी यांचा भाग मोठा असतो. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही १९२० मध्ये स्थापन झालेली संस्था उमेदवारांना सारखेच प्रश्न पाठवून त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत प्रसिद्ध करते. न्यायाधीशांच्या वर्तनाविरुद्ध तक्रारी तपासणारी यंत्रणा प्रत्येक राज्यात असते आणि तिने जाहीरपणे केलेली शिस्तभंगाची कारवाई शोधता येते. प्रचाराच्या देणग्यांची नोंदही सार्वजनिक असते. एखाद्या काउंटीत सर्वाधिक पैसा नेमका कोणत्या वकिली संस्थेकडून आला, हे पाहण्यासारखे असते.

उमेदवार प्रत्यक्ष भेटला तर अमुक खटल्यात आपण काय निकाल द्याल, असे विचारू नये. न्यायाधीशांच्या आचारसंहिता अशी आगाऊ हमी देण्यास मनाई करतात, आणि जो उत्साहाने हमी देतो त्याच्याविषयीच शंका घ्यावी. त्यापेक्षा आजवर कोणत्या प्रकारचे खटले चालवले, वकील नसलेल्या पक्षकाराला न्यायालयात कसे वागवता, तुंबलेली प्रकरणे कशी निकाली काढणार, हे विचारावे. आडनावावरून किंवा यादीतील पहिल्या क्रमांकावरून खूण करण्यापेक्षा ती जागा कोरी सोडलेली बरी. एखादी जागा कोरी राहिल्याने बाकीची मतपत्रिका बाद होत नाही. अभ्यासानंतरची टिपणे कागदावर घेऊन जावीत, कारण टेक्साससारख्या राज्यात मतदान केंद्राच्या १०० फुटांच्या आत फोन वापरता येत नाही.

शेजाऱ्याशी बोलताना

समोरासमोर बोलण्याला पर्याय नाही, आणि ही केवळ भाबडी समजूत नव्हे. ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात केलेल्या प्रयोगात दारोदारी जाऊन बोलल्याने मतदान ठळकपणे वाढले, व्यावसायिक फोन कॉलचा मात्र उपयोग दिसला नाही. पत्रके वाटत फिरण्यापेक्षा गल्लीतल्या ओळखीच्या आठ-दहा घरी निवांत जाणे अधिक परिणामकारक ठरते ते यामुळेच.

संभाषण उमेदवारापासून सुरू करू नये. आपण कोणाच्या बाजूने आलो आहोत, असा संशय एकदा आला की शेजारी दार लावून घेतो. त्याऐवजी ही नमुना मतपत्रिका पाहिली काय, यात न्यायाधीशांच्या पाच जागा आहेत, मी जमवलेली माहिती देऊ काय, असे विचारावे. पुढे ती माहिती सर्व उमेदवारांची, सारख्या लांबीची आणि विशेषणांविना असावी. त्याने आपले मत विचारलेच तर प्रामाणिकपणे सांगावे, पण त्याचा हट्ट धरू नये. आपल्याला नावडत्या उमेदवाराला तो मत देणार असेल, तरीही त्याला केंद्राचा पत्ता त्याच अगत्याने द्यावा, आणि तेवढी तयारी नसेल तर हे काम अंगावर घेऊ नये.

एका मताने काय होते, हा प्रश्न हमखास येतो. त्यावर नॉर्थ कॅरोलिनाचे उदाहरण द्यावे. २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी ५५ लाखांहून अधिक मते पडली आणि ॲलिसन रिग्ज अवघ्या ७३४ मतांनी पुढे राहिल्या. प्रतिस्पर्ध्याने हजारो मतपत्रिकांना दिलेले आव्हान मे २०२५ पर्यंत चालले. काउंटीच्या लढतीत तर एकूण मतेच थोडी असतात.

शेजारी ‘हो, जाणार आहे’ म्हणाला की काम संपले असे समजू नये. २००८ च्या पेनसिल्व्हेनियातील प्रायमरीच्या वेळी झालेल्या एका अभ्यासात, मतदानाला किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असणार, एवढे तीन प्रश्न विचारल्याने मतदान वाढल्याचे आढळले, विशेषतः ज्या घरात एकच मतदार आहे तिथे. तेव्हा मुलांना शाळेत सोडल्यावर की कामावरून परतताना, असे सहज विचारावे आणि जमल्यास एकत्र जाण्याचे ठरवून टाकावे. कोणी मतदान केले आणि कोणी नाही याची यादी सार्वजनिक नोंदींतून मिळू शकते, कोणाला केले ते मात्र गुप्त राहते. ती यादी दाखवून शेजाऱ्याला लाजवल्याने मतदान वाढते असे मिशिगनमधील २००६ च्या मोठ्या प्रयोगात दिसले, पण त्याबरोबर लोकांचा संतापही ओढवतो. आपल्याला त्याच गल्लीत पुढची वीस वर्षे राहायचे असते.

कायद्याची कुंपणे

सर्वांत महत्त्वाची खबरदारी नागरिकत्वाची. ग्रीन कार्ड असो वा एच-वन-बी व्हिसा, नागरिक नसलेल्याला न्यायाधीशांच्या निवडणुकीत मत देता येत नाही, आणि चुकून नोंदणी केली वा मत दिले तरी पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, प्रसंगी देशाबाहेर जावे लागू शकते. म्हणून कोणालाही नोंदणीचा आग्रह करण्यापूर्वी तो नागरिक झाला आहे ना, हे विचारून घ्यावे, त्यात संकोच करू नये. वाहन परवान्याच्या कार्यालयात समोर येणाऱ्या मतदार नोंदणीच्या प्रश्नाला नागरिक नसलेल्यांनी ‘नाही’ हेच उत्तर द्यायचे, हेही जाता जाता सांगून ठेवावे.

मतदान करण्याबद्दल पैसे किंवा भेटवस्तू देऊ नये. गाडीने केंद्रापर्यंत सोडण्यास हरकत नाही. जॉर्जियात केंद्राबाहेरच्या रांगेत उभ्या मतदारांना खाणेपिणे वाटण्यावरही २०२१ च्या कायद्याने निर्बंध आले आहेत. पत्रके घरोघरच्या टपालपेटीत टाकू नयेत, कारण तिकीट न लावलेला मजकूर तिथे ठेवण्यास संघीय कायद्याने बंदी आहे. ती दाराशी ठेवावीत. करमुक्त संस्था म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळाने एखाद्या उमेदवाराची बाजू घेऊ नये, मात्र तारखा, नमुना मतपत्रिका आणि सर्व उमेदवारांची सारखी माहिती देणारा कार्यक्रम गणेशोत्सवाच्या मांडवातही करता येतो. दुसऱ्याची भरलेली टपाली मतपत्रिका स्वतः नेऊन देण्याचे नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा ते पाहिल्याशिवाय कोणाचे पाकीट हातात घेऊ नये.

उतारवयात नागरिक झालेल्या आई-वडिलांसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंग्रजी वाचता येत नसेल किंवा दृष्टी अधू असेल तर संघीय कायद्यानुसार मतदाराला आपल्या पसंतीची व्यक्ती मदतीला घेता येते. फक्त ती त्याचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावी. मुलगा किंवा सून वाचून दाखवू शकतात, पण निर्णय मतदाराचाच असावा. दुसरी गोष्ट सहीची. अनेक राज्यांत टपाली पाकिटावरची सही जुन्या नोंदीशी ताडून पाहतात, आणि परवान्यावर इंग्रजीत सही केलेल्या आजी सवयीने देवनागरीत सही करतात, तिथे मत अडकते. पाकिटावर नोंदीतलीच सही करावी, मतपत्रिका पोहोचली की नाही हे कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासावे, आणि सही जुळत नसल्याचे पत्र आले तर पुष्कळ राज्यांत दुरुस्तीची मुभा असते. ती मुदत थोड्याच दिवसांची असल्याने पत्र त्याच दिवशी उघडावे.