स्विमिंग पूलचा क्लीनर अडकला? आधी मोटरपाशी चला

फोन बहुतेक शनिवारी सकाळी येतो. "दादा, क्लीनर एकाच कोपऱ्यात उभा आहे आणि पाहुणे अकरापर्यंत पोचतायत." अलिबागजवळच्या नागाव, आक्षी, किहीम इथल्या बंगल्यांचे स्विमिंग पूल मी सांभाळतो. क्लीनर म्हणजे पूलचा तळ साफ करत फिरणारं यंत्र. अशा वेळी क्लीनरचं मी नंतर बघतो, आधी विचारतो, मोटरच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी काठोकाठ भरलंय, की वर हवा खेळतेय?

आपल्याकडे बऱ्याच बंगल्यांत ओढीवर चालणारा क्लीनर असतो. त्याला स्वतःची मोटर नसते. फिल्टरची मोटर पाइपातून पाणी ओढते, त्या ओढीने आतला रबरी डायफ्राम उघडझाप करतो आणि यंत्र तळावरून सरकतं. म्हणजे क्लीनर थांबला की ओढ कुठेतरी कमी झाली, एवढाच अर्थ घ्यायचा. मोटरपासून सुरुवात करून पाण्याकडे तपासत जायचं. क्लीनर खोलायचा तो सगळ्यात शेवटी.

मोटर बंद करा, झाकणाखालची बास्केट (कचरा अडवणारी टोपली) काढा. पातेरा बास्केटमध्ये अडकतो, तो हाताने निघतो. खरा त्रास सुरूच्या काड्यांचा. किनाऱ्याजवळच्या वाड्यांत सकाळी मतलई सुटली की त्या पाण्यावर पसरतात, बास्केटच्या भोकातून उभ्या निसटतात आणि पुढे इंपेलरमध्ये, म्हणजे मोटरच्या पाणी ओढणाऱ्या पंख्यात, गुंतून बसतात. बास्केट स्वच्छ, मोटर चालू, तरी ओढ नाही, असं असेल तर मेन स्विच पाडून इंपेलरचं तोंड वाकड्या तारेने साफ करा. त्यावर मी केलेला उपाय साधा आहे: स्किमरच्या (काठाजवळ वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या) बास्केटवर जुना नायलॉनचा मोजा चढवायचा, आणि क्लीनरच्या पाइपात मध्ये जाळीचा डबा जोडायचा. मोजा रोज झटकावा लागतो, नाहीतर तोच ओढ अडवतो.

फिल्टरचा दाब दाखवणारा काटाही बघा. बॅकवॉश केल्यावर, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टरची वाळू धुतल्यावर, काटा जिथे उभा राहतो तिथे मार्करने खूण करून ठेवा. त्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय वर गेला की पुन्हा बॅकवॉश.

झाकणाखाली हवा दिसत असेल तर पहिल्यांदा पाण्याची पातळी बघा. मे महिन्यात पाणी उडून जातं आणि स्किमर हवा ओढायला लागतो. पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर हवी. ती ठीक असेल तर मोटर चालू ठेवून झाकणाच्या कडेला आणि पाइपाच्या सांध्यांना शेव्हिंग फोम लावा. जिथे फेस आत खेचला जाईल तिथून हवा जातेय. बहुतेक वेळा दोष ओ-रिंगचा, म्हणजे रबरी कड्याचा, निघतो. तिला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं.

क्लीनर पुन्हा जोडताना आधी पाइप पाण्याने भरा. एक तोंड क्लीनरला, दुसरं परतीच्या पाण्याच्या नळाला लावून धरा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग मोटर बंद करून व्हॅक्यूम पॉइंटला (पूलमधल्या ओढीच्या तोंडाला) जोडा. चालू मोटरवर त्या तोंडाशी हात नेऊ नका, मुलांना तर जवळ येऊच देऊ नका, आणि पाइप काढला की त्या तोंडाचं झाकण लगेच लावा.

क्लीनर गोल गोल फिरतो ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. कारण घरातच असतं: पाइप वेटोळं करून ठेवलेला असतो. तो वळण धरतो आणि पाण्यात गेल्यावरही तसाच वळतो. पडवीत सरळ आडवा ठेवा, उन्हात नको. लांबी पॉइंटपासून पूलच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंत, वर एक तुकडा जास्त.

पावसाळ्याचं गणित वेगळं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर वीज परतली तेव्हा एका बंगल्याचा पूल लाल झाला होता. मी घाईने क्लीनर सोडला. तळाशी कौलांचे तुकडे होते, डायफ्राम फाटला. आणि जी माती क्लीनरने ओढली ती फिल्टरच्या वाळूतून आरपार जाऊन परतीच्या नळांतून पुन्हा पूलमध्ये आली. जांभ्याची माती इतकी बारीक असते. तेव्हापासून लाल पाण्यात मी क्लीनर सोडतच नाही. तुकडे जाळीने काढतो, पूल वरपर्यंत भरतो, फिल्टरचा व्हॉल्व्ह रीसर्क्युलेटवर (म्हणजे पाणी वाळूतून न जाता फिरतं) ठेवून तुरटीचं पाणी फिरवतो आणि रात्रभर मोटर बंद. सकाळी गाळ खाली बसलेला असतो. तो हाताच्या व्हॅक्यूमने, व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून, हळूहळू थेट बाहेर काढायचा. घाई केली की गाळ उठतो आणि रात्र वाया जाते. तुरटीने पीएच उतरतो, म्हणून नंतर तो 7.2 ते 7.6 मध्ये आणून घ्या. जादा क्लोरीन टाकायचं असेल तेव्हाही क्लीनर बाहेर काढा, रबर लवकर कडक होतं.

रोबोट, म्हणजे विजेवर स्वतः चालणारा क्लीनर, असेल तर फिल्टरच्या मोटरची ओढ लागत नाही, पण खारा वारा त्याला जास्त बाधतो. पॉवर बॉक्स पाण्यापासून साडेतीन मीटर तरी लांब, सावलीत. माणूस पाण्यात असताना चालवायचा नाही. वायरला धरून उचलू नका, हँडलला धरा. जाळी प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा. काम झालं की प्लग आधी काढा, त्याच्या पिना कोरड्या फडक्याने पुसा. पिनांवर हिरवट थर दिसला तर तो काढेपर्यंत यंत्र चालू करू नका.