मुंबईत आल्यावर आधी एक औषधवाला जोडावा

२००१ साली मी सांगली जिल्ह्यातून लालबागला राहायला आलो, तेव्हा गावाकडच्या मंडळींनी खाणावळ, लोकल आणि भाड्याची खोली यांविषयी पुष्कळ सांगितले होते. परंतु अंगात ताप भरला तर कोणाकडे जायचे, हे कोणीच सांगितले नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात खोलीतील सोबत्याला ताप आणि सर्दी झाली व तो दोन्हींसाठी वेगवेगळ्या गोळ्या घेऊ लागला. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पुन्हा त्याच गोळ्या मागितल्या, तेव्हा तेथील फार्मासिस्टांनी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून दाखवले की नावे निराळी असली तरी पॅरासिटामॉल दोन्हींत आहे, आणि प्रौढ माणसाच्या पोटात ते दिवसाला चार ग्रॅमपेक्षा जास्त गेले तर यकृताला इजा होऊ शकते.

तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगतो, की घराजवळचे एकच दुकान धरून ठेवा. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. म्हणून काउंटरवरच्या पोऱ्याला नव्हे, तर त्यांना विचारावे, की ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, आणि आधीपासून चालू असलेल्या औषधाबरोबर चालेल का. गर्दीच्या वेळी त्यांना बोलायला सवड नसते, दुपारी जावे.

पावसाळ्याविषयी मात्र थोडे अधिक सांगायला हवे. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि पायावरच्या बारीकशा खरचटण्यातूनही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने शहरात अनेकांचे प्राण घेतले. अशा पाण्यातून चालून आल्यास पाय साबणाने धुवावेत आणि ताप येण्याची वाट न पाहता बहात्तर तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवून प्रतिबंधक गोळी हवी का, हे विचारावे. या दिवसांत डेंग्यूही असतो, त्यामुळे निदान होईपर्यंत तापावर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

जुलाब लागले आणि ओआरएसचे पाकीट हाताशी नसले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा, मोठा नको.

लाल उभी रेघ असलेल्या पाकिटातील औषध चिठ्ठीशिवाय देण्यास दुकानदाराने नकार दिला, तर रागावू नये. तो आपले कामच नीट करीत आहे. गावाहून आई-वडील राहायला येणार असतील, तर त्यांच्या रोजच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणायला सांगावीत, कारण तिकडचा ब्रँड इकडे मिळेलच असे नाही, पण पाकिटावर छापलेले मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम वाचून फार्मासिस्ट तेच औषध शोधून देऊ शकतात.