पुरातून काढलेली तलवार घरी कशी सावरायची

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फुटांची. प्रयाग चिखलीतलं माझ्या मामांचं घर कितीतरी दिवस पाण्यात उभं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो, तेव्हा देवघराच्या भिंतीवर असायची ती तलवार चुलीपाशी चिखलात रुतलेली सापडली. म्यान फुगलेलं, मखमलीचा लगदा झालेला, मुठीवर गंजाचा थर. मामा म्हणाले, "घिऊन जा बाबा. लोखांडाचं तुला कळतंय. हितं ऱ्हायली तर संपलीच."

मी ३१ वर्षं शिवाजी उद्यमनगरात टूलरूमला काम केलंय. पोलाद, पाणी देणं (म्हणजे तापवून विझवून कडक करणं), घासकाम हे रोजचं. पण जुन्या हत्याराला हात लावताना कारखान्यातली निम्मी सवय बाजूला ठेवावी लागते. तिथं पृष्ठभाग चकचकीत आणि मापात करायचा असतो. इथं जे उरलंय ते आहे तसं टिकवायचं असतं. खाली सांगतोय ते याच एका तलवारीवर शिकलो.

आधी कायद्याचं. शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं त्या यादीत येतात, आणि सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात त्यांना परवाना लागतो. म्हणून काम सुरू करण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. मी मामांना सोबत घेऊन गेलो होतो. जमावबंदीच्या काळात तलवार घेऊन रस्त्यावर फिरणं हा वेगळा गुन्हा आहे. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मोडते, ती परदेशी पाठवता येत नाही. आणि एक. आजोबांनी पलटणीतून आणलेलं जुनं रिव्हॉल्व्हर असंच घरी उघडू का, असं मला दोघांनी विचारलं. उघडू नका. बंदूक-पिस्तुलाच्या दुरुस्तीला स्वतंत्र परवाना लागतो, नळी कापणं किंवा आत बदल करणं हा गुन्हा आहे. ते काम परवानाधारक कारागिराचंच.

तलवार हातात आली की पहिला मोह होतो ती पार चमकवून टाकण्याचा. तो आवरा. आमच्या वडिलांकडची एक तलवार १९९४ साली वडिलांनी एका प्लेटिंगवाल्याकडे दिली होती, दसऱ्याला लखलखीत दिसावी म्हणून. त्याने ती आधी अॅसिडमध्ये बुडवली, मग बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरली, मग निकेल चढवलं. घरी आली तेव्हा स्टीलच्या डब्यासारखी चमकत होती. मुठीवरची चांदीची वेल गेली होती, पाठीवरचा कारागिराचा शिक्का गेला होता, टोक गोल झालं होतं. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. ते पुन्हा काही केल्या आणता आलं नाही. म्हणून अॅसिड, बफ, ग्राइंडर, ८० नंबरचा पॉलिश पेपर, प्लेटिंग यातलं काहीही वापरू नका. धारही लावू नका. प्रत्येक वेळी दगडावर पोलाद जातं, आणि पूजेच्या तलवारीला धार लागत नाही.

चिखलीच्या तलवारीची पहिली अडचण म्हणजे ती म्यानातून निघेना. अशा वेळी दोघांनी दोन बाजूंनी ओढायचं नाही. लाकूड फुगून पात्यावर आवळलेलं असतं, जोर लावला तर मूठ हातात येते आणि पातं आत राहतं. मी म्यान उभं टांगून तोंडातून शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं. तरी हलेना. मग म्यानाची शिवण शोधली. म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या, आतून कोरलेल्या, कडेने चिकटवलेल्या आणि वरून कापड किंवा कातडं. पुराच्या पाण्याने सरस आधीच सुटत आला होता. पातळ बोथट पट्टी त्या फटीत सरकवत सरकवत खालपर्यंत नेली आणि म्यान शेंगेसारखं उघडलं.

आत गाळ होता. गाळासकट तेल लावायचं नाही, ओल आत कोंडते. पातं साध्या पाण्याने धुतलं, मग गाडीच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहत नाहीत. लगेच सुती फडक्याने टिपलं, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि हेअर ड्रायरच्या कोमट हवेने मूठ अर्धा तास सुकवली. हे सगळं एका बैठकीत करा. आपल्याकडे ऑगस्टच्या हवेत ओलं पोलाद चहा पिऊन येईपर्यंत लाल होतं.

आता गंज ओळखायचा. पांढरं फडकं हलकेच घासा. नारिंगी भुकटी आली तर तो जिवंत गंज, खाली खात चाललाय. काळपट, गुळगुळीत थर असेल आणि फडक्याला काहीच लागत नसेल, तर तो वयाने आलेला रंग. तो खालच्या पोलादाला सांभाळतो, त्याला हात लावायचा नाही. काढायचं आहे ते फक्त नारिंगी.

माझी पद्धत अशी. संध्याकाळी तीन इंच भागाला शिलाई मशीनचं तेल लावून वर तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळायची, ती दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची. दुसऱ्या दिवशी पाटावर वाकळेची चौपदरी घडी, त्यावर पातं आडवं, धार माझ्यापासून लांब. हातात पितळेची पट्टी, ३ मिलिमीटर जाडीची, टोक ४५ अंशात कानशीने घासलेलं. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून चरा पडत नाही. गंज मात्र निघतो. पट्टी पात्याला जवळजवळ सपाट धरायची आणि पात्याच्या लांबीने ओढायची, रुंदीने कधीच नाही. तेलातला गंज आधी चॉकलेटी चिखलासारखा होतो, मग त्याची पापडी सुटते. ती सुटताना पट्टीखाली बारीक चरचर लागते, आणि मग पट्टी एकदम गुळगुळीत घसरते. तो फरक हाताला कळला की थांबायचं. पितळेचा पिवळा रंग पात्यावर उतरला तर घाबरू नका, तेलाच्या बोळ्याने निघतो. शेवटी चार शून्याचं, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने. खड्ड्यांत बसलेला गंज बांबूच्या काडीने टोकरायचा.

पातं ३१ इंचांचं, दोन्ही बाजू. मला २३ संध्याकाळ लागल्या. घाई करणाऱ्याने हे काम अंगावर घेऊ नये.

अकराव्या संध्याकाळी मुठीजवळ आलो तेव्हा पट्टी बाजूला ठेवली. भिंगातून बघितलं तर गंजाच्या खाली बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसली, आणि एका ठिकाणी केसाएवढी पांढरी रेघ. ती कोफ्तगरी होती. लोखंडावर रेघांची जाळी मारून खरखरीत करतात आणि चांदीची तार त्यावर ठोकून बसवतात. चांदी वरवर धरलेली असते, खोल गेलेली नसते. स्टील वूल फिरवलं असतं तर गेलीच असती. तिथे फक्त तेल, कापूस आणि बांबूची काडी. पूर्ण फूल निघालं नाही, पाच पाकळ्यांपैकी तीन मिळाल्या. मी त्या दिवशी मामांना फोन करून सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. त्यांनाही माहीत नव्हतं की तिथे फूल आहे.

तुमच्या पात्यावर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी दिसली तर ते जौहरदार पोलाद असू शकतं. मग काहीही घासू नका. तेल लावा आणि जाणकाराला दाखवा. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जाऊन जुनी हत्यारं एकदा निवांत बघून घ्या, जुन्या पोलादाचा रंग कसा असतो ते डोळ्यात बसतं.

मूठ खुळखुळत होती. बहुतेकांचा हात इथे एरल्डाइटकडे, म्हणजे इपॉक्सीच्या पक्क्या गोंदाकडे, जातो. नको. जुन्या मुठी पोकळ असतात, पात्याचं शेपूट आत सरकवून भोवती लाख ओततात. लाख तापवली की सुटते, पुढच्या पिढीला पुन्हा बसवता येते. एरल्डाइट सोडवायचा तर मूठच फोडावी लागेल. लाख मी गुजरीतून एका सोनारकाकांकडून आणली. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत सोन्याच्या पत्र्याखाली लाखच भरलेली असते, त्यामुळे आपल्या गावात ती मिळायला अडचण नाही. काकांनी सांगितलं, नुसती लाख ठिसूळ होते, विटेची वस्त्रगाळ पूड मिसळ.

तापवताना मूठ तापवायची, पातं नाही. पात्यावर मुठीलगत ओलं फडकं गुंडाळलं आणि मुठीवर हॉट एअर गन लांबून फिरवत राहिलो. लाख शंभर अंशांच्या आतच मऊ पडते. पोलादावर पिवळट झाक येते ती साधारण २२० अंशांना, निळी ३०० च्या आसपास. ती दिसली म्हणजे पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागलं. तिथवर जायचंच नाही. पातं सुटल्यावर आतली जुनी लाख काडीने काढली, आत तेल न लावता स्पिरिटने पुसलं, नवी लाख भरली आणि पातं कोमट करून सरळ रेषेत दाबलं. थंड होईपर्यंत हलवलं नाही. चांदीच्या फुलावर गरम हवा जाऊ नये म्हणून तेवढा भाग ओल्या फडक्याखाली ठेवला होता.

सगळं झाल्यावर अॅसिटोनने तेल पुसून काढलं आणि बिनरंगी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन पातळ हात दिले. मेण सुकलं की फडक्याने हलकं घासायचं. खोबरेल किंवा जवसाचं तेल लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं. पितळ चमकवायचं ब्रासोही नको, त्याची पांढरी भुकटी नक्षीच्या खाचांत बसते.

तुम्हाला स्वतःची हौस करायची असेल तर ती म्यानावर करा. मी तिथे मनसोक्त केली. जुनं म्यान सावलीत तीन आठवडे सुकवून, लेबल लावून तसंच ठेवलंय. नव्यासाठी सुतार प्लायवूड सुचवत होता. मी नको म्हणालो, त्यातल्या डिंकाच्या वाफांनी लोखंड गंजतं. शिवणीचं लाकूड घेतलं, आतून बिनरंगी सुती कापड लावलं. वरचं कातडं सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिराकडून, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. त्याने चपलेच्या अंगठ्याजवळ घालतात तशी कातडी वेणी म्यानाच्या तोंडाला गुंफून दिली आणि खाली लाल गोंडा. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, असलं काम बापाने केलेलं, मी पहिल्यांदाच करतोय. हे म्यान फार देखणं झालंय. पण ते मिरवायचं म्यान आहे, त्यात तलवार वर्षातून एक दिवसच जाते. कमावलेल्या कातड्यात आंबटपणा असतो, ओल धरतं. एरवी तलवार धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात, सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या, कपाटाच्या वरच्या खणात. घर रंकाळ्याजवळ असल्यामुळे आषाढ ते भाद्रपद दर पंधरा दिवसांनी उघडून बघतो. नारिंगी ठिपका दिसला तर त्याच दिवशी तेल.

खंडेनवमीला तलवार चिखलीला नेतो. तिथे पात्याच्या टोकाला लिंबू खोचायची रीत. लिंबाच्या रसाने एका रात्रीत पोलादावर काळा डाग पडतो. गंज काढताना टोकाशी असे सात-आठ डाग मी मोजले होते. मामींना सांगितलं तर म्हणाल्या, "लिंबाबिगर पूजा कशी हुईल रं?" शेवटी लिंबू पाटावर तलवारीशेजारी ठेवायचं ठरलं. झेंडूची फुलं ओली असतात म्हणून ती मुठीखाली कापड घालून, आणि हळद-कुंकू म्यानाला. आरती झाली की मी लगेच पातं कोरड्या फडक्याने पुसतो, मेणाचा एक हात देतो. या वर्षी फडकं मामींनीच आधी काढून ठेवलं होतं.