आपले विश्व कृष्णविवरात आहे का, हे स्वतः कसे तपासावे

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपाशी रांगेत उभे असलेल्यांपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतोच: आपण सगळे एखाद्या कृष्णविवराच्या आत तर राहत नाही ना? नागपुरात गेली अनेक वर्षे मी हा विषय विद्यार्थ्यांना आणि पालकांना समजावून सांगत आलो आहे. ‘हो, गणिताने सिद्ध झाले आहे’ आणि ‘छे, हा वेडेपणा आहे’ ही दोन्ही उत्तरे सारखीच चुकीची आहेत, असे माझे ठाम मत आहे. वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि दोन तासांची सवड असेल, तर प्रश्न कुठपर्यंत सुटतो आणि कुठे अडतो हे कोणालाही स्वतः पाहता येते.

प्रथम श्वार्झशिल्ड त्रिज्या काढावी, म्हणजे एखादे वस्तुमान ज्या त्रिज्येच्या गोळ्यात दाबले तर त्याचे कृष्णविवर होते, ती त्रिज्या. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांचे जे उत्तर १९१६ साली प्रसिद्ध केले, त्यातून ती येते: गुरुत्व स्थिरांकाची दुप्पट गुणिले वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. पृथ्वीसाठी ही त्रिज्या सुमारे ९ मिलिमीटर आणि सूर्यासाठी सुमारे ३ किलोमीटर आली पाहिजे. नागपुरातील झिरो माइलच्या स्तंभाभोवती ३ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले, तर सीताबर्डीचा किल्ला आणि रमण विज्ञान केंद्र दोन्ही त्यात येतात. अख्खा सूर्य तेवढ्या रुंदीच्या गोळ्यात दाबला, तर त्याचे कृष्णविवर होईल.

दुसऱ्या पायरीत एक गैरसमज दूर करावा. ‘विश्व इतके विरळ आहे, ते कृष्णविवर कसे असेल?’ हा आक्षेप मी जाणत्या लोकांकडूनही ऐकला आहे, आणि तो टिकत नाही. वस्तुमान दुप्पट झाले की त्रिज्याही दुप्पट होते, पण आकारमान आठपट वाढते. त्यामुळे कृष्णविवर जितके मोठे, तितकी त्याची सरासरी घनता कमी. २०१९ साली ज्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, त्या एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे वस्तुमान साडेसहा अब्ज सूर्यांएवढे आहे. त्याच्या त्रिज्येवरून आकारमान काढून भागाकार केला, तर घनमीटरला अर्ध्या किलोपेक्षाही कमी घनता येते. आपल्याकडची मे महिन्यातील तापलेली हवासुद्धा घनमीटरला एक किलोपेक्षा जास्त भरते.

तिसरी पायरी आकडेमोडीची आहे. हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, दर मेगापार्सेकला (हे अंतराचे एकक) सेकंदाला ७० किलोमीटर धरावा. तो नेमका ६७ की ७३ हा शास्त्रज्ञांमधला वाद येथे आड येत नाही. प्रकाशवेगाला त्याने भागले की हबल त्रिज्या मिळते, सुमारे १४ अब्ज प्रकाशवर्षे. विश्वाची घनता क्रांतिक घनतेइतकी (जिच्यामुळे विश्वाचे अवकाश सपाट राहते ती घनता), म्हणजे घनमीटरला हायड्रोजनच्या साधारण साडेपाच अणूंएवढी धरावी. हबल त्रिज्येएवढ्या गोलातील वस्तुमान ९ वर ५२ शून्ये इतके किलोग्रॅम येते. आता त्या वस्तुमानाची श्वार्झशिल्ड त्रिज्या काढावी. तीही १४ अब्ज प्रकाशवर्षेच येते.

याच जागी मी फसलो होतो, म्हणून येथे सावकाश जावे. दोन्ही आकडे जुळलेले पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही, आणि पुढच्याच व्याख्यानात मी ‘आपण कृष्णविवरात आहोत’ असे छातीठोकपणे सांगून टाकले. काही दिवसांनी तीच आकडेमोड दृश्य विश्वाची (जेथपर्यंतचा प्रकाश आपल्याला पोहोचू शकला तेवढ्या विश्वाची) खरी त्रिज्या, म्हणजे सुमारे ४६.५ अब्ज प्रकाशवर्षे, घेऊन केली, तर श्वार्झशिल्ड त्रिज्या ५०० अब्ज प्रकाशवर्षांच्या पुढे गेली. समानता नाहीशी होऊन अकरापटीचा फरक समोर आला. दोनपैकी कोणता आकडा विश्वाचा, हे मला सांगता येईना.

उत्तर वहीतच होते. चौथ्या पायरीत आकडे न घालता, फक्त अक्षरांनी ती आकडेमोड पुन्हा करावी. माझ्या मते या लेखातील ही एकमेव पायरी अशी आहे, जी कोणीही टाळू नये. क्रांतिक घनतेच्या सूत्रात हबल स्थिरांकाचा वर्ग आणि गुरुत्व स्थिरांक आधीपासूनच बसलेले असतात. त्या घनतेवरून वस्तुमान काढले आणि ते श्वार्झशिल्डच्या सूत्रात घातले की गुरुत्व स्थिरांक छेदाला छेद जाऊन उडतो, ‘पाय’ही उडतो, आणि एवढेच उरते: श्वार्झशिल्ड त्रिज्या आणि गोलाची त्रिज्या यांचे गुणोत्तर म्हणजे गोलाची त्रिज्या भागिले हबल त्रिज्या, या संख्येचा वर्ग. हबल त्रिज्येएवढा गोल घेतला तर ते गुणोत्तर एक येणारच. ४६.५ घेतले तर ३.३ चा वर्ग, म्हणजे अकरा, येणारच. एखाद्या दीर्घिकेएवढा गोल घेतला तर ते शून्याजवळ जाते. आपण जी घनता सूत्रात घातली, तीच वेष बदलून उत्तरात परत आली. मोजमापातून मिळालेली बातमी फक्त एवढीच, की विश्वाची घनता क्रांतिक घनतेच्या अगदी जवळ आहे. १९७२ साली राज कुमार पाथरिया यांनी ‘नेचर’मध्ये विश्वाला कृष्णविवर मानण्याचा विचार मांडला, तो गंभीर होता, पण आज ही समानता जेव्हा पुराव्यासारखी दाखवली जाते, तेव्हा ती कुठून आली हे सांगितले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

शिवाय श्वार्झशिल्डचे सूत्र ज्या परिस्थितीसाठी आहे, तिच्यात वस्तूच्या बाहेर निर्वात पोकळी असते. आपण घेतलेल्या गोलाच्या बाहेर तर आतल्यासारख्याच दीर्घिका दिसतात. अशा ठिकाणी ती त्रिज्या कशाची कड आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

पाचवी पायरी दिशेची. एका गोल पृष्ठभागावरून प्रकाशाची एक लाट बाहेर आणि एक आत, अशा दोन एकाच वेळी सोडल्या, असे समजावे. कृष्णविवराच्या आत दोन्ही लाटांचे क्षेत्रफळ घटत जाते. रॉजर पेनरोझ यांचा १९६५ चा सिद्धांत याच कल्पनेवर उभा आहे. प्रसरण पावणाऱ्या विश्वात हबल त्रिज्येपलीकडे नेमके उलटे घडते, दोन्ही लाटा वाढत जातात. कृष्णविवरात सिंग्युलॅरिटी, म्हणजे जेथे घनता अनंत होऊन गणित कोलमडते ती अवस्था, भविष्यात असते आणि टळत नाही. आपली, म्हणजे महास्फोटाची, १३.८ अब्ज वर्षे मागे आहे. म्हणून कृष्णविवर हा शब्द सरळ अर्थाने येथे बसत नाही. काळ उलटा फिरवलेले कृष्णविवर, ज्याला श्वेतविवर म्हणतात, ते मात्र बसू शकते. ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी १९३९ साली कोसळत्या धुळीच्या गोळ्याचे जे गणित केले, त्यात गोळ्याच्या आतील भाग आकुंचन पावणाऱ्या एकसमान विश्वासारखाच निघतो. तो काळात उलटा वाचला आणि गोळा आपल्या दृश्य विश्वापेक्षा मोठा मानला, तर आत बसून बाहेरची कड दिसणारच नाही. म्हणून ‘अशक्य’ हे उत्तरही मी देत नाही.

निकोडेम पोप्लाव्स्की यांनी २०१० साली आणखी एक वाट सुचवली. पदार्थाच्या कणांच्या स्पिनमुळे (अंगभूत फिरकीमुळे) अवकाशात पीळ पडतो असे मानले, तर कोसळणारे द्रव्य सिंग्युलॅरिटीपर्यंत न जाता उसळी घेऊन नवे विश्व होऊ शकते. जन्मदाते कृष्णविवर फिरत असेल, तर त्या विश्वाला एक आवडता अक्ष मिळावा, म्हणजे त्यातील दीर्घिका एका दिशेने जास्त फिरताना दिसाव्यात.

म्हणून शेवटी आकाशाकडे पाहावे. २०२५ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांतील २६३ दीर्घिका मोजल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे ६० टक्के एकाच दिशेने फिरताना दिसल्या. पोप्लाव्स्कींच्या कल्पनेला पुरावा मिळाला अशा बातम्या तेव्हा सगळीकडे झळकल्या. ती मोजणी करणाऱ्या संशोधकानेच दुसरा खुलासा पुढे ठेवला आहे: आपली आकाशगंगा स्वतः फिरते, त्यामुळे तिच्या विरुद्ध फिरणाऱ्या दीर्घिका किंचित अधिक तेजस्वी दिसून यादीत जास्त येऊ शकतात. ही मोजणी आकाशाच्या एका लहानशा तुकड्यातील आहे. विरुद्ध बाजूच्या तुकड्यात हे झुकते माप उलटे येते का, हे आता पाहावयाचे आहे.