मॉनिटरची केबल घेताय? आधी दोन्ही मागच्या बाजू बघा

केबल घ्यायच्या आधी कॉम्प्युटरच्या आणि मॉनिटरच्या मागे टॉर्च मारून बघा कुठले पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या जागा आहेत, सरळ फोटोच काढून ठेवा, कारण नंतर काही केल्या आठवत नाही.

निळा, बाजूला दोन स्क्रू, तीन ओळींत 15 पिना म्हणजे व्हीजीए. 1987 चा म्हातारा आहे, अ‍ॅनालॉग, मोठ्या स्क्रीनवर अक्षरं पुसट दिसतात, दुसरं काही असेल तर त्याच्या नादी लागू नका. पांढरा आणि रुंद तो डीव्हीआय. ह्यात एक गोची आहे, एका टोकाला चपटी पट्टी असते, तिच्याभोवती चार पिना असल्या तर डीव्हीआय-आय, नसल्या तर डीव्हीआय-डी, आणि चार पिनावाली केबल डी च्या सॉकेटमध्ये जातच नाही. जोर लावला की पिन वाकते, मी वाकवलीय, मग टाचणीने सरळ करत बसलो.

एचडीएमआय सगळे ओळखतात. पण बाहेरून सेम दिसलं तरी आतलं व्हर्जन वेगळं असतं, 1.4 वर फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचं चित्र, फक्त 30 हर्ट्झला म्हणजे सेकंदाला 30 वेळा बदलत चालतं आणि माउसचा कर्सर अडखळत पळतो, डोकं उठतं. 60 पाहिजे तर 2.0 लागतं आणि ते कॉम्प्युटर, मॉनिटर, केबल तिघांनाही झेपायला हवं, एक जरी मागे पडला तरी बाकीचे त्याच्याच वेगाने चालणार.

डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो. मॉनिटर कॉम्प्युटरसाठी घेतलाय आणि दोन्हीकडे हा पोर्ट आहे तर माझं मत ह्यालाच. बऱ्याच केबलींना वर खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढू नका.

यूएसबी-सी दिसलं म्हणून खुश होऊ नका, प्रत्येक पोर्टातून चित्र येत नाही, लॅपटॉपच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट लिहिलंय का बघा, ह्या दोन्हींत त्याच पोर्टातून चित्रही पाठवता येतं. फोनच्या चार्जरची केबलही बहुतेक वेळा चालत नाही.

अडॅप्टर घेताना दिशा बघायची. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी केबल बहुतेक चालून जाते, तीच उलटी लावली की स्क्रीन काळी. उलट्या दिशेला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल बदलणारी चिप असलेला, लागतो.

आणि हो, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डच्या नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे तेच वरचे हर्ट्झ, बघा, 144 चा मॉनिटर कितीदा 60 वरच पडून असतो.