पायांच्या पितळी टोप्या: आधी काढा, मग घासा

जुन्या सागवानी टेबलांच्या, शिसवी खुर्च्यांच्या पायांना खाली पितळी टोप्या असतात. फरशी पुसणारं ओलं फडकं त्यांना रोज लागतं. त्या काळवंडतात आणि कडेला हिरवा कळंक धरतो. चिंच लावा, लिंबू लावा, असं जो तो सांगतो. लावा की! पण टोपी पायावर असताना नको. आंबट पाणी आत उतरतं, पायाच्या टोकाचं लाकूड ते शोषून घेतं, आणि आत लोखंडी स्क्रू असेल तर त्याच्याभोवती सागवान काळं पडतं. तो डाग वरून पॉलिश मारून जात नाही.

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, पितळेचा नुसता मुलामा. तिथे घासाघाशी बंद. कोरडं फडकं आणि थोडं मेण, बस्स.

खरी कटकट स्क्रूंची. पितळी स्क्रू मऊ असतो आणि त्याची खाच जुन्या पॉलिशने, मळाने बुजलेली असते. दाभणाने ती तळापर्यंत कोरून काढा. मगच स्क्रू ड्रायव्हर लावा, तोही खाचेत लांबीला आणि जाडीला गच्च बसणारा. घरोघरी हाताशी असतो तो विजेचा टेस्टर. त्याने एकदा खाच झिजली की स्क्रू कायमचा अडकला म्हणून समजा. पहिला पीळ उलटा नाही, सुलटा द्या: केसभर आवळा, मग सैल करा. तरीही हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नच्या (तारा डाखायच्या, विजेवर तापणाऱ्या अवजाराच्या) तापलेल्या टोकाने स्क्रूचं डोकं मिनिटभर तापवा, निवू द्या, पुन्हा फिरवा. तेल किंवा रॉकेल सोडू नका. लाकूड ते पितं आणि पुढे तिथे पॉलिश धरत नाही. डोकं तुटलंच तर हात आवरा, सुतार बोलवा.

बाकी सोपं. चिंचेचा कोळ आणि मीठ, दोन-चार मिनिटं, जुन्या टूथब्रशने. रात्रभर भिजत घालाल तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि टोपी तांबूस दिसते. तारेची घासणी अजिबात नको. धुवा, उन्हात खडखडीत वाळवा.

भोक सैल झालं असेल तर काडेपेटीची काडी फेविकॉल लावून आत बसवा. स्क्रू परत लावताना आट्यांना मेण चोळा, म्हणजे पुढच्या वेळी तो मुकाट्याने निघेल.